दुसऱ्याचा कोट

लढाई जाहीर झाली आणि काचवाल्याच्या जिन्यावर पाय ठेवायला जागा उरली नाही. जो तो नवा गणवेश चढवून फोटो काढून घ्यायला हजर. कुणाला आईसाठी हवा, कुणाला बायकोसाठी, आणि ज्यांचं अजून कुठेच जमलं नव्हतं त्यांना सगळ्यांत जास्त प्रती हव्या. काचवाला आणि काचवाली, दोघांनाही जेवायची शुद्ध राहत नव्हती.

काचवाला हे काही त्याचं खरं आडनाव नव्हे. फोटोच्या नादाला लागण्याआधी तो लोकांच्या खिडक्यांना काचा बसवायचा. पुढे एका फिरत्या फोटोग्राफरकडून ही विद्या शिकला, पण गल्लीने जुनं नाव सोडलं नाही, आणि लग्न होऊन आल्यावर बायकोही आपोआप काचवाली झाली. निम्म्याहून जास्त काम तीच करायची. त्या काळी फोटोची काच ओली असतानाच सगळं उरकावं लागे. अंधाऱ्या खोलीत काचेवर चिकट द्रावण ओतायचं, थेंब खाली न सांडता ते चारी कोपऱ्यांपर्यंत फिरवायचं, काच चांदीच्या पाण्यात बुडवायची आणि ती निथळत असतानाच पळत जाऊन कॅमेऱ्यात बसवायची. वाळली की वाया. पुढे कागदाला अंड्याचा पांढरा बलक लावून, तो काचेखाली ठेवून, गच्चीवर उन्हात छापायचा. हे सगळं करून करून काचवालीची बोटं काळी पडली होती, ती कायमची. नवी ओळख झालेल्या बायका तिला चुलीतली राख उपसतेस का म्हणून विचारत.

शेजारी बेकरी होती. मधली भिंत एकच, त्यामुळे थंडीत काचवाल्यांची खोली फुकटात ऊब धरायची. बेकरीवाले काका बोलायला कमी, काकू दोघांचं मिळून बोलायच्या. त्यांना एकुलता एक मुलगा. त्याच्या भुवयांवर कायम मैदा बसलेला असायचा म्हणून सगळी गल्ली त्याला पिठ्या म्हणायची. सकाळी टोपली घेऊन तो पाव टाकायला यायचा तेव्हा त्याच्या बाह्या वर सरकवलेल्या असत, आणि भट्टीतले पत्रे ओढताना बसलेले चटके मनगटापासून कोपरापर्यंत ओळीने दिसत. काचवालीला मूलबाळ नव्हतं. पिठ्या लहान असल्यापासून तिच्याच पायात घोटाळलेला. त्या चटक्यांना लोणी लावायचं की नाही यावरून तिचं आणि काकूंचं कितीदा वाजलं होतं.

पिठ्याही गेला लढाईवर. गल्लीतला न्हावी त्याच्याच पलटणीत, म्हणून काकूंना तेवढाच धीर. फोटो काढताना मात्र पिठ्याने उच्छाद मांडला. खुर्चीत बसलं की मान हलू नये म्हणून मागून लोखंडी चिमटा लावत, तो लागला की याला हसू फुटायचं. काचेवर काचा फुकट. शेवटी काचवाली अंधाऱ्या खोलीतून बाहेर येऊन म्हणाली, "तुझ्या बापाला सांगते, सगळा घाणा जळला तुझ्यामुळे." तेव्हा कुठे तो क्षणभर गंभीर झाला आणि काचवाल्याने तेवढ्यात कॅमेऱ्याचं झाकण काढलं. फोटोत ओठ घट्ट मिटलेले आले. पुढचा दात अर्धा तुटलेला होता, तो दिसू नये म्हणून.

पिठ्याची पलटण निघून गेली, आणि गर्दी ओसरल्यावर राजधानीतला एक चित्रांचा व्यापारी काचवाल्याकडे आला. खरी लढाई लोकांना घरबसल्या दाखवायची, असं त्याच्या डोक्यात होतं. आजवर चित्रकार मनाने घोडे रंगवत, आता प्रत्यक्ष सूर्याने काढलेलं चित्र. काचवाला हुरळून गेला. असं काम याआधी फार थोड्यांनी केलं होतं, आणि त्यालाही कुठेतरी आपलं नाव मागे राहावं असं वाटतच होतं. त्याने एक बंद घोडागाडी घेतली, आतून काळं कापड ठोकलं, बाटल्या गवतात रुतवल्या, काचा खाचांत बसवल्या. एक गाडीवान जोडीला घेतला आणि निघाला.

मध्ये एकदा काचा पोचवायला घरी आला तेव्हा ओळखू येत नव्हता. गाडीत औषधांच्या वाफा कोंडतात, त्याने डोळे लाल. शिपाई त्या गाडीला तिरडी म्हणायचे, कारण ती दिसली की पुढे काय होणार ते त्यांना कळायचं. आणि ज्या लढाईसाठी एवढा खटाटोप केला ती काही काचेवर यायला तयार नव्हती. धावणारा माणूस काचेवर उमटतच नाही, त्याने बायकोला समजावलं. घोडे दौडले तर नुसतं धुकं. तोफ उडाली तर तेही धुकं. जे हलत नाही तेच येतं. तंबू येतात, रिकामी गाडी येते, रांगेत उभे केलेले अधिकारी येतात. व्यापारी म्हणतो, तंबू कोण विकत घेणार.

"मग काय काढणार?" काचवालीने विचारलं.

"जे हलत नाही ते," काचवाला म्हणाला आणि ताटावरून उठला.

पानगळीच्या सुमारास न्हावी परत आला. उजवा हात गळ्यात बांधलेला, बोटं वळत नव्हती, म्हणजे वस्तरा संपला. आल्या आल्या तो बेकरीत गेला. काचवालीही धावत तिकडे गेली. न्हाव्याने सांगितलं ते असं. ओढ्याकाठच्या चकमकीत पिठ्याला छातीत गोळी लागली. न्हाव्याने आणि आणखी एकाने त्याला उचलून एका झाडाखाली ठेवलं, त्याचाच कोट अंगावर पांघरला, तोंडावर रुमाल टाकला. नाव लिहायला फळी आणि खणायला फावडं आणायला ते गेले. पलटणीत असं ठरलेलंच होतं, आपला माणूस आपण पुरायचा आणि उशाशी नाव ठोकायचं. परत आले तर झाडाखाली फक्त कोट आणि रुमाल. माणूस नाही.

"मेलेला माणूस जाणार कुठे?" न्हावी म्हणाला. "मी तर छातीला कान लावून बघितलं होतं, काकू. पण तोफांच्या आवाजात माझे कान तरी कुठे जागेवर होते. चूक माझीच झाली असणार. शुद्धीवर आला असेल, उठला असेल."

न्हावी हे मनापासून बोलत होता. तसं मानण्याची त्याला स्वतःलाच गरज होती. काकूंनी त्याचा लुळा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि रडल्या, पण ते रडणं सुटकेचं होतं. त्या दिवसापासून त्यांचा हिशोब पक्का झाला. पोरगा जखमी आहे, शत्रूच्या ताब्यात असेल नाहीतर कुणा भल्या माणसाच्या घरी असेल, लढाई संपली की येईल. काका ऐकून घेत आणि कणीक तिंबत.

काचवाला परत आला तो पहिल्या थंडीत, खोक्यांत भरलेल्या काचा घेऊन. आला तो बेकरीच्या बाजूने नव्हे, मागच्या गल्लीतून. बायकोला वाटलं, गाडी पुढून वळत नसेल. जेवताना त्याने पाव बाजूला सारला, तेव्हाही तिला वाटलं, पोट बिघडलं असेल.

दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं पडलं म्हणून ती छापायला बसली. काचेवर सगळं उलटं दिसतं, चेहरे काळे आणि केस पांढरे, पण तिला ते वाचायची सवय होती. खोक्यातली एक काच तिने उजेडासमोर धरली आणि क्षणभर नवऱ्याचं तिला कौतुकच वाटलं, इतकी ती स्वच्छ उतरली होती. दगडी बांध, बांधाला टेकून ठेवलेली बंदूक, आणि शेजारी पाठीवर पडलेला शत्रूचा शिपाई. मान कॅमेऱ्याकडे वळलेली. खालच्या कडेला नवऱ्याने नखाने कोरलं होतं, 'शत्रूचा नेमबाज'. कोट त्याला आखूड होता. बाही कोपराच्या जवळपास वर चढली होती आणि हात गवतावर पसरला होता.

त्या हातावर ओळीने रेघा होत्या.

तिने काच कागदावर ठेवून चौकट आवळली आणि उन्हात धरली. एरवी ती चौकट ठेवून दुसऱ्या कामाला लागायची, त्या दिवशी तिथेच उकिडवी बसून राहिली. कागद हळूहळू तांबूस झाला, मग तपकिरी. दाढी वाढली होती, गाल बसले होते. तोंड किंचित उघडं होतं आणि पुढचा दात अर्धा होता.

काचवाला अंधाऱ्या खोलीत बाटल्या लावत होता. तिने कागद त्याच्यासमोर धरला. म्हणाली, "हा हात बघा."

कुणाचा हात, असं त्याने विचारलं नाही. बाटली खाली ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्यावरून तिला कळलं की याला माहीत आहे, आणि घरी येण्याआधीपासून माहीत आहे.

मग ते सगळं हळूहळू बाहेर आलं, तिने एकेक विचारलं तसं. आपल्या लोकांना आपली प्रेतं बघवत नाहीत, शत्रूची दाखवा, असा व्यापाऱ्याने तगादा लावला होता. ओढ्याकाठी तो पोचला तेव्हा शत्रूची प्रेतं एक तर गाडली गेली होती, नाहीतर बघण्यासारखी राहिली नव्हती. आपल्यातला हा एकच झाडाखाली झाकून ठेवलेला, धड. गाडीवानाने पाय धरले, याने काखेत हात घातले, आणि दोघांनी त्याला बांधापाशी नेलं. शत्रूचा कोट मेलेल्यांच्या कपड्यांच्या ढिगातून आणला. काच वाळायच्या आत सगळं उरकायचं होतं, चेहऱ्याकडे बघायला फुरसत कुणाला होती. कॅमेऱ्याच्या काचेवर तर माणूस डोकं खाली पाय वर दिसतो. गाडीत जाऊन काच धुतली, उजेडात धरली, तेव्हा त्याने पिठ्याला ओळखलं.

"आणि मग?"

"बाहेर आलो. पुरणारे लोक त्याला उचलत होते. कोट शत्रूचा, म्हणून शत्रूच्या खड्ड्याकडे चालवला होता."

"आणि तुम्ही?"

"तिथे अधिकारी उभा होता, कोट मी बदलला हे त्याला कसं सांगणार," काचवाला म्हणाला. मग म्हणाला, "काच फार चांगली आली होती गं."

या माणसाबरोबर काचवालीने इतकी वर्षं एका अंधाऱ्या खोलीत काम केलं होतं, न बोलता एकमेकांचा हात कुठे जाणार ते दोघांना कळायचं. ती बाहेर येऊन गच्चीच्या कठड्याशी उभी राहिली. खाली बेकरीच्या दारात काकू गिऱ्हाइकाला सुटे पैसे देता देता पोराबद्दल सांगत होत्या.

काच लपवून ठेवायचा तिचा विचार होता. पण काचवाला येताना आधी राजधानीत उतरला होता आणि व्यापाऱ्याने तिथेच प्रती छापून घेतल्या होत्या. चित्र दुकानाच्या दर्शनी भागात लागलं होतं, लोक रांगा लावून बघत होते. आज ना उद्या इथेही येणार. परक्याच्या दुकानात काकांची नजर त्यावर पडावी, यापेक्षा आपल्या तोंडून कळलेलं बरं, असं तिने ठरवलं. नवरा म्हणाला, मी येतो बरोबर. ती म्हणाली, यायलाच हवं.

दुपारी भट्टी शांत असते तेव्हा दोघं गेले. काचवाली बोलली, काचवाला मान खाली घालून उभा राहिला. तिने काही झाकलं नाही. कोट बदलला हे सांगितलं, खड्ड्याचं सांगितलं. काकांनी हात पुसून कागद घेतला आणि अंगठा त्या रेघांवरून एकदा हलकेच फिरवला, जसं गरम पत्र्याला हात लावून बघतात. त्यांनी ओळखलं. त्यांच्या हातावर तशाच रेघा होत्या.

काकूंनी मात्र कागद खिडकीपाशी नेला, डोळ्यांजवळ धरला, लांब धरला. मग परत आणून दिला.

"हा आपला नव्हे," त्या म्हणाल्या.

"काकू, हातावरचे चटके बघा."

"जगात काय आपली एकच बेकरी आहे? त्यांच्याकडे पाव कोण भाजतं?" काकूंचा आवाज जराही चढला नाही. "आणि खाली लिहिलंय ना, शत्रूचा म्हणून. कोटही त्यांचाच. माझ्या पोराचा कोट झाडाखाली सापडला, न्हाव्याने आणून दिलाय, पेटीत आहे. माझं पोर दुसऱ्याचा कोट कशाला घालेल?"

काचवाला पहिल्यांदाच बोलला. "मी घातला, काकू. या हातांनी."

काकूंनी त्याच्याकडे बघितलं, आजारी माणसाकडे बघावं तसं. त्या गाडीतल्या वाफांनी याचं डोकं फिरलंय, असं त्या नंतर काचवालीला म्हणाल्या. त्याला जप, म्हणाल्या.

त्या हिवाळ्यात लढाई थांबली. रस्ते मोकळे झाले तसे काका काचवाल्याकडे आले आणि मला तिथे घेऊन चल, एवढंच म्हणाले. दोघं त्याच गाडीने गेले. वाटेत काका त्याच्याशी एक अक्षर बोलले नाहीत, पण आपल्या शिदोरीतलं त्याला वाढत होते, आणि तेच काचवाल्याला सर्वांत जड गेलं. ओढ्याकाठी आपल्या लोकांच्या कबरी ओळीने होत्या, प्रत्येकीच्या उशाशी नावाची फळी. शत्रूचा खड्डा बांधापलीकडे होता. त्यावर नांगर फिरला होता आणि कोवळं पीक वर आलं होतं. पहाऱ्यावरच्या शिपायाने खणू दिलं नाही. त्याचंही चुकत नव्हतं. खड्डा लांबच लांब होता, चुना टाकून बुजवलेला, आणि आतला कोण कुणाचा हे आता कुणालाच सांगता आलं नसतं. काका बांधावर बसून राहिले. फोटोत बंदूक टेकून ठेवली होती तीच जागा. त्यांना ते माहीत होतं की नाही, हे विचारायचं काचवाल्याला धैर्य झालं नाही.

येताना काचवाला व्यापाऱ्याकडे गेला. चित्राखालची ओळ तरी बदला, म्हणाला, तो आपला माणूस आहे. व्यापाऱ्याने त्याला नीट बसवून घेतलं आणि समजावलं. चित्र आता घराघरांत गेलंय. हे खोटं म्हणून सांगितलं तर बाकीची कोण खरी मानेल? तुमचे तंबू, तुमचे तुटलेले पूल, ते इतर मेलेले, ते तर तुम्ही जसे होते तसेच काढलेत ना? त्यांनाही लोक नाटक म्हणतील. ते इतर मेलेले काचवाल्याने खरोखरच जसे होते तसेच काढले होते.

काकांनी घरी येऊन सांगितलं की तिथे काही नाही, आपलं पोर त्या खड्ड्यात नाही, तिथल्या माणसांनी तपासून सांगितलं. मग दुपारी भट्टी शांत असताना गच्चीवर येऊन ते काचवालीसमोर उभे राहिले. कधी नव्हे ते खूप बोलले. म्हणाले, "तिला आता काही सांगू नकोस, पोरी. खरं काय ते तुला माहीत, मला माहीत, पुरे झालं. ती जेवते, झोपते, गिऱ्हाइकाशी बोलते. ते मोडून मला काय मिळणार? खणायला जागा असती तर मोडलं असतं."

काचवालीने मान डोलावली. तिला ते पटलं नव्हतं, पण पटून किंवा न पटून काही होणार नव्हतं.

नवरा-बायकोत भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं आणि हलू नका असं म्हणायची वेळ आली की काचवाल्याच्या तोंडून शब्द फुटेना. थोडे दिवस तिनेच म्हटलं. मग तो पुन्हा खिडक्यांना काचा बसवायला जाऊ लागला. फोटोचं काम तिने एकटीने चालू ठेवलं, कारण दुसरं तिला काही येत नव्हतं. घरात ते कामापुरतं बोलत. एकदा तो म्हणाला, तू तरी मला शिव्या दे. ती म्हणाली, त्याने काय होईल, आणि छापलेले कागद पाण्यातून काढत राहिली.

काका दुसऱ्या वर्षी गेले, भट्टीसमोर बसल्या बसल्या. बेकरी काकूंनी एका माणसाला चालवायला दिली आणि मागच्या खोलीत राहू लागल्या. कैदी सुटून आले, त्यांच्यात पिठ्या नव्हता. काकूंनी त्याचंही कारण शोधलं. सगळेच काही एकदम सुटत नाहीत.

असंच एकदा सकाळी त्या जिना चढून वर आल्या. गुडघे दुखत होते, मधल्या पायरीवर बसून आल्या. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, ती काच अजून आहे का, त्या नेमबाजाची.

काच होती. फोडायला काचवालीचा हात उठला नव्हता. "कशाला हवी, काकू?" तिने विचारलं.

"एक कागद छापून दे मला," काकू म्हणाल्या. "डोळ्यांसमोरून जात नाही गं तो मुलगा. कुणाचा कोण, पण त्याला कुणी ओळखायला आलं नाही ना? बेकरीत लावते. चार परगावची माणसं येतात, कुणीतरी ओळखेल. त्याची आई वाट बघत असेल. तिला कुणी सांगायला नको?"

ऊन चांगलं होतं. काचवालीने कागद घेतला, काच शोधून काढली, पुसली आणि चौकटीत बसवली. छापून होईपर्यंत काकू गच्चीवरच बसून राहिल्या. मधून मधून चौकटीकडे बघत होत्या आणि पिठ्या आला की त्याच्यासाठी कुठली मुलगी बघायची, ते सांगत होत्या.